आधीचा फोटो, नंतरचा फोटो

शमुवेल आढाव यांना कुणाच्या तरी उपयोगी पडायची दांडगी हौस होती. अडचण एवढीच की अठ्ठावन्न वर्षांत कुणी ती नीट भागू दिली नव्हती. भिवंडीत धामणकर नाक्यामागच्या त्यांच्या इमारतीत नळ गळला की लोक प्लंबरला बोलवत, भांडण झालं की सेक्रेटरीला बोलवत, आणि कुणी आजारी पडलं की आढावांच्या बायकोला बोलवत. सुकन्याबाई महापालिकेच्या दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. आढाव दार उघडायचे आणि समोरचा माणूस त्यांच्या खांद्यावरून आत डोकावत विचारायचा, "सिस्टर आहेत का?"

कशेळीच्या गोदामात मात्र त्यांना मान होता. तिथे ते सुपरवायझर होते. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यांच्या बाहेर एक खोकं सरकलेलं दिसलं तर त्यांना दुपारचा डबा गोड लागत नसे. हे पट्टे दर वर्षी ते स्वतः उभं राहून मारून घेत. पण खोक्यांची कितीही सेवा केली तरी खोकी आभार मानत नाहीत, हे दुःख माणूस बोलून दाखवणार कुणाला?

म्हणून एप्रिलमधल्या एका रविवारी चर्चच्या पाळकसाहेबांनी मंडळीत जाहीर केलं की यंदाच्या सेवा-सप्ताहात एकेका जोडप्याने एखाद्या गरजू पाड्यावर तीन दिवस राहून सेवा करायची, तेव्हा वाक्य पुरं व्हायच्या आत आढावांचा हात वर गेला होता. शेजारी बसलेल्या सुकन्याबाईंचा हातही त्यांनीच मनगटाला धरून वर केला.

पाळकसाहेबांनी नियम सांगितले. भाषण नाही, पत्रकं नाही, कुणाच्या देवाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. फक्त हातांनी काम. आणि परत आल्यावर मंडळीपुढे अहवाल. अहवालाचा फॉर्म छापील होता आणि त्यावर दोन मोठे चौकोन होते. एकाखाली लिहिलं होतं 'आधीचा फोटो', दुसऱ्याखाली 'नंतरचा फोटो'. ते दोन रिकामे चौकोन बघून आढावांना जे स्फुरण चढलं, ते पुढचे तीन आठवडे उतरलं नाही.

पाडा शोधायची गरजच नव्हती. गोदामात लोडिंगला येणारा लडकू बारा वर्षं त्यांच्या हाताखाली होता. अकलोलीच्या पुढे डोंगराच्या अंगाला त्याचा वारली पाडा. भात लावणी-कापणीच्या वेळी तो गावी जायचा, एरवी खोकी उचलायचा. दर वर्षी तो आढावांना कशाला ना कशाला घरी बोलवायचा आणि आढाव दर वर्षी "बघू" म्हणायचे. यंदा तो म्हणाला होता, "साहेब, वैशाखात मोठ्या पोरीचं, जागृतीचं लगीन हाय. बाईला घेऊन या."

"येतो की!" आढाव या खेपेला म्हणाले. "दोन दिवस आधी येतो. आणि नुसता येत नाही, सेवेला येतो."

सेवा म्हणजे नक्की काय ते लडकूला कळलं नाही. पण बारा वर्षांत पहिल्यांदा साहेब घरी येतोय, तोही दोन दिवस आधी, एवढं कळलं आणि तो हरखला.

इमारतीत बातमी पसरायला एक संध्याकाळ पुरली. पहिला सल्ला आला सेक्रेटरी केसरीनाथ पाटलांचा. केसरीनाथ जिन्यात गाठूनच सल्ला देत, म्हणजे समोरच्याला पळायला जागा राहत नाही. "आढावसाहेब, जमाना कसा हाय ते तुमाला सांगाला नको. तुमी जाल चांगल्या मनानं, कोन काय बोलंल सांगता येत नाय. खिशात कागद पायजे. शिक्क्याचा."

दुसरा सल्ला आला तळमजल्यावरच्या अन्सारीचाचांचा. त्यांचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग. त्यांनी कागदाचं नाव काढलं नाही. "शादी के घर खाली हाथ जाओगे, भाईजान?" असं म्हणत त्यांनी बिनधुतल्या, कोऱ्या कापडाचा एक अख्खा तागा आढावांच्या दारात आणून टाकला. "मगर चाचा, हे तिथे करायचं काय?" आढावांनी आपल्या खास हिंदीत विचारलं. चाचा म्हणाले, "शादी के घर में कपड़ा अपना काम ख़ुद ढूँढ लेता है।"

आढावांना कागदाचा सल्ला पटला आणि कापडाचा पटला नाही, यावरून त्यांना माणसांची पारख किती होती ते दिसतंच.

कागदासाठी त्यांनी अर्धी रजा टाकून पाड्याच्या ग्रामपंचायतीचं कार्यालय गाठलं. ग्रामसेवकाने अर्ज दोनदा वाचला. "हरकत नसल्याचा दाखला पाहिजे म्हणताय. पण कशाला हरकत नाही?"

"सेवेला."

"सेवेचा नमुना नाही आपल्याकडे. बांधकामाला आहे, मंडपाला आहे, बोअरवेलला आहे. तुम्ही बोअरवेल मारताय का?"

"नाही हो, आम्ही फक्त मदत करणार."

"कुणाला?"

"जो गरजू असेल त्याला."

"मग त्याचा अर्ज आणा," ग्रामसेवक म्हणाला. ते चुकीचं नव्हतं, पण आढावांना ते लागलं. शेवटी बऱ्याच मिनतवाऱ्यांनंतर त्याने अर्जाच्या कोपऱ्यात 'आवक' असा जांभळा शिक्का मारून दिला. म्हणजे अर्ज आला, एवढंच. पण शिक्का तो शिक्का. आढावांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि निघेपर्यंत तो तिथून हलू दिला नाही.

निघायच्या दिवशी सामान बघून सुकन्याबाई दारातच बसल्या. मंडळीने दिलेली बारा ब्लँकेटं (मे महिना होता), औषधांचं खोकं, चाचांचा तागा, मोजपट्टी, ब्रश, रोलर, आणि गोदामात पट्टे मारून उरलेल्या पिवळ्या रंगाचे दोन डबे. मॅनेजरने ते आनंदाने दिले होते.

"अहो, रंग कशाला?" सुकन्याबाईंनी विचारलं.

"अंगणवाडी रंगवायला. फोटोत फरक दिसला पाहिजे ना."

"लग्नघर आहे. आपण नुसते पाहुणे म्हणून गेलो तर नाही का चालणार?"

आढाव डब्यांची झाकणं घट्ट आहेत का ते बघत होते. ती घट्ट नव्हती, हे अंबाडी नाक्याच्या अलीकडे जीपवाल्याच्या सीटला कळलं. त्याने काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एक डबा निम्मा झाला.

पाड्यावर पोचल्यावर लडकूने त्यांना अंगणातल्या मांडवाखाली बाजेवर बसवलं. गूळ-पाणी झालं. लडकूची बायको गुणाबाई सुकन्याबाईंचा हात धरून आत घेऊन गेली. लडकू थोडा वेळ चुळबुळला आणि मग त्याने हळूच विचारलं, "साहेब, तुमी देवाचं सांगाला आलाव का? भूपेश बोलत व्हता." भूपेश म्हणजे त्याचा पुतण्या. वीस-बावीसचा, जरा तापट, मोबाइलवरचं सगळं वाचणारा.

"नाही नाही नाही!" आढाव बाजेवरून उठलेच. "आम्ही कुणाला काहीही सांगणार नाही."

"मंग दोन दिस करनार काय?" लडकूने प्रामाणिकपणे विचारलं.

"सेवा!"

आणि आढाव मोजपट्टी घेऊन सेवेच्या शोधात निघाले. आता, गरजू पाड्यावर जाऊन करायला काम न सापडणं ही अवघड गोष्ट आहे, पण ती त्यांनी एका संध्याकाळीत साधली. अंगणवाडी पाहिली तर तिच्यावर गुडघाभर उंचीपासून छतापर्यंत एक जिराफ हसत उभा होता. शेजारी फुलपाखरं, इंग्रजी अक्षरं आणि कुठल्याशा कंपनीचं चिन्ह.

"मागच्या महिन्यात एक कंपनी रंगवून गेली," अंगणवाडीच्या मनिषाताई म्हणाल्या. "त्याआधी कॉलेजची मुलं आली होती, त्याआधी एक मंडळ. सर, दर दोन महिन्यांनी कोणीतरी येऊन रंगवतं. पोरं आता भिंतीला टेकायची बंद झालीत. कपड्याला रंग लागतो." आणि मग आढावांचा चेहरा पाहून त्या घाईने म्हणाल्या, "मागच्या बाजूला दोन फूट जागा आहे, तुम्हाला पाहिजे तर."

आढावांनी दोन फूट नाकारले. काही झालं तरी माणसाला स्वाभिमान असतो.

औषधांचं खोकं सुकन्याबाईंनी स्वतःच उघडू दिलं नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय गोळ्या वाटणं त्यांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीत बसत नव्हतं. ब्लँकेटं गुणाबाईने मोठ्या आनंदाने घेतली आणि मांडवात पाहुण्यांना बसायला अंथरली. त्यांच्या घड्यांचे कोपरे फार छान जुळतात, असं ती म्हणाली. रात्री झोपताना आढावांच्या डोळ्यांपुढे ते दोन रिकामे चौकोन होते. रविवारी आख्ख्या मंडळीपुढे उभं राहून काय दाखवणार? अंथरलेली ब्लँकेटं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पाडा रिकामा झाला. लडकू आणि भूपेश उंबराची फांदी आणायला रानात गेले. गुणाबाई, जागृती आणि इतर बायका नदीवर निघाल्या. सुकन्याबाईही त्यांच्यात मिसळून गेल्या, आणि जाताना त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आढावांना सगळ्यांनी एकच सांगितलं, "तुमी पाव्हनं. बसा."

बसणं हा प्रकार आढावांना पहिल्यापासून जमत नव्हता. पाच मिनिटं ते बसले. मग पाणी प्यायला आत गेले, आणि चुलीच्या खोलीत त्यांना ती भिंत दिसली.

कुडाची भिंत. कारवीच्या काड्या एकमेकींत विणून त्यावर मातीचं लिंपण. बाकीच्या तिन्ही भिंती धुराने काळ्या पडल्या होत्या, पण ही एकच ताजी सारवलेली, वर गेरूचा एकसारखा तांबडा हात. कुठे डाग नाही, कुठे भेग नाही. आढाव तिच्यासमोर उभे राहिले, बोटाने चाचपली, आणि तीस वर्षांच्या गोदामाच्या अनुभवाने त्यांना जे सांगितलं ते त्यांनी मुकाट ऐकलं. लोखंडी रॅकना रंग द्यायच्या आधी तांबडा प्रायमर मारतात. भिंत घासून, गुळगुळीत करून, प्रायमर मारून तयार आहे. म्हणजे पुढचा हात रंगाचा. बिचाऱ्यांची तयारी झाली आहे आणि रंगाला हात पोचला नाही. मागायचा तर लडकूचा स्वभाव नाही. बारा वर्षांत त्याने कधी आगाऊ पगारसुद्धा मागितला नव्हता.

आढावांना गहिवरून आलं. हे खरंच लिहायला हवं, कारण पुढे जे झालं ते याच गहिवरातून झालं.

त्यांनी भिंतीचा फोटो काढला. आधीचा. मग मोजपट्टीने चारी बाजू मोजल्या, कडांना चिकटपट्टी लावली म्हणजे रेघ सरळ येते, आणि दीड डबा रंग त्या भिंतीला दिला. दोन हात. गोदामातला रंग, फोर्कलिफ्ट वरून गेली तरी निघत नाही असा. अंधारात दिसावा म्हणून त्यात काचेची चमकी असते. चुलीच्या उजेडात ती भिंत अशी काही लखलखायला लागली की आढाव दोन पावलं मागे सरून स्वतःशीच "वा!" म्हणाले. खालच्या कडेला काळी-पिवळी पट्टी मारावी का, एवढाच विचार उरला होता. तेवढ्यात अंगणात बायकांचे आवाज आले.

पुढे धोंडूबाई होती. धोंडूबाई म्हणजे पाड्याची धवलेरी. वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणून विधी चालवणारी बाई. सत्तरीची, काटक, आणि आख्ख्या डोंगरात तिच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही. तिच्या हातात भिजवलेल्या तांदळाची टोपली होती. ती आत आली, भिंतीकडे पाहिलं, आणि टोपली हळूच खाली ठेवली.

कुणी ओरडलं नाही, तेच वाईट. जागृतीने तोंडावर हात घेतला. गुणाबाई दाराच्या चौकटीला धरून तशीच खाली बसली.

"आवडलं का?" आढाव म्हणाले. त्यांच्या कपाळावर, मिशीवर आणि चष्म्याच्या एका काचेवर पिवळा रंग होता.

सुकन्याबाईंनी गुणाबाईच्या तोंडून सकाळीच नदीवर सगळं ऐकलं होतं. त्यांनी ते नवऱ्याला अगदी हळू आवाजात सांगितलं. दवाखान्यात वाईट बातमी अशाच आवाजात सांगतात. ही लग्नाच्या चौकाची भिंत. उद्या सकाळी हिच्यावर बायका तांदळाच्या पिठाने देवीचा चौक काढणार. ज्यांचे नवरे हयात आहेत त्या बायका. धोंडूबाई गाणी म्हणून देवीला त्यात बोलावणार. तो चौक मातीवरच काढायचा. चौक नाही, तर लग्न लागत नाही. वऱ्हाड उद्या दुपारी येणार.

आढावांनी भिंतीकडे पाहिलं. पिठाचं पाणी त्या रंगावरून पावसासारखं ओघळून जाणार, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच गुणासाठी कंपनी तो रंग घेत होती.

एवढ्यात रानातून लडकू आणि भूपेश आले. भूपेशने आत पाहिलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. "मी बोललू व्हतो का न्हाय, काका? देवाचं काय बोलनार न्हाय म्हनले, आन् देवाची भिंतच पुसून टाकली! हे मुद्दाम केलाय!"

आढावांचा हात आपोआप खिशात गेला आणि त्यांनी तो शिक्क्याचा कागद बाहेर काढला. का काढला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. धोंडूबाईने तो घेतला, उलटसुलट केला, पिशवीतून बाहेर काढून वाससुद्धा घेतला.

"ह्यात भिंतीचं लिवलाय काय?"

"नाही," आढाव म्हणाले.

"मंग ठेव." मग ती भूपेशकडे वळली. "आन् तू गप. मुद्दाम करनारा गडी पट्टी लावून सरल रेघ मारत बसत न्हाय. ती रेघ बघ. गडी बावलट हाय, वंगाळ न्हाय."

आयुष्यात इतक्या नेमक्या शब्दांत आढावांचं वर्णन कुणी केलं नव्हतं. आणि ते ऐकून त्यांना रडू कोसळायचं बाकी राहिलं. ते लडकूसमोर गेले. लडकू भिंतीकडे बघत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता, राग असता तर बरं झालं असतं.

"साहेब," तो म्हणाला, "तुमाला पाव्हनं म्हनून बलावलं व्हतं."

बारा वर्षं हा माणूस बोलावत होता. आढाव एकदाही आले नव्हते, आणि आले तेव्हा काम शोधत आले. हे त्यांच्या डोक्यात आत्ता, त्या पिवळ्या भिंतीसमोर लख्ख शिरलं आणि त्यांना तिथून कुठेतरी निघून जावंसं वाटलं. "आम्ही जातो," ते पुटपुटले. "आमचं तोंडसुद्धा..."

"जायचं तर आहेच," सुकन्याबाई पदर खोचत म्हणाल्या. "भिंत उभी करून."

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. एकजण म्हणाला रॉकेलने पुसा. दुसरा म्हणाला खरवडा. आढाव म्हणाले थिनर आणतो, सगळ्यात जवळचं कशेळीला मिळेल. धोंडूबाईने सगळ्यांना हाताने थांबवलं. तिने मुसळ मागवलं आणि रंगाच्या मधोमध ठोका दिला. पिवळा पोपडा मातीसकट खाली पडला आणि आतली कारवी उघडी झाली. "रंग मातीला लागलाय. कुडाला न्हाय लागला. माती पाडा, नवी लावा. सांजच्या आत झाली तर रातभर चुलीच्या धगीनं सुकंल."

दोन तासांत भिंतीची जाळी झाली. त्यात नवाच प्रश्न. जागृतीची हळद त्याच खोलीत, आणि आता अंगणातून सगळं आरपार दिसतंय! बायका गोंधळल्या. सुकन्याबाईंनी बाहेर जाऊन चाचांचा तागा सोडला आणि तो अख्खाच्या अख्खा कुडावरून बाहेरच्या बाजूने बांधून टाकला. भिवंडीच्या कोऱ्या कापडाआड हळद लागली. बाहेर आढाव अंगणातल्या खड्ड्यात चिखल तुडवत उभे होते.

तांबडी माती, शेण, भाताचं तूस आणि पाणी. आढावांनी सुरुवातीला पाण्याचं प्रमाण किती असावं याबद्दल दोन शब्द सांगायला सुरुवात केली होती. गुणाबाई म्हणाली, "बोलू नका. तुडवा." त्यांनी तुडवलं. शेजारी भूपेश तुडवत होता, अजून फुरंगटलेलाच. तासाभराने आढावांचा पाय घसरला आणि ते बसले ते थेट कमरेपर्यंत. चष्मा चिखलात गेला. भूपेश हसायचं नाही असं ठरवून उभा राहिला, पण ते त्याच्याने झालं नाही. त्यानेच पायाने चाचपून चष्मा काढला, स्वतःच्या बनियनला पुसला आणि आढावांच्या नाकावर बसवला. "काका, जोर टाचंवर ठेवा. बोटांवर न्हाय." त्यानंतर आढाव पडले नाहीत.

सूर्य डोंगराआड जाताना शेवटचा हात फिरला. लिंपण करणाऱ्या बायकांत सुकन्याबाई होत्या, कोपरापर्यंत माखलेल्या. लडकूने चूल पेटवली. आढाव रात्रीत तीनदा उठून भिंतीला हात लावून आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा लडकू तिथेच बसून होता. लडकूने थोडं सरकून त्यांना बसायला जागा केली.

सकाळी भिंत सुकली होती. गेरूचा हात झाला. बायका आत जमल्या, तेव्हा सुकन्याबाई दारातच थांबल्या. "आजी," त्या धोंडूबाईला म्हणाल्या, "आमची प्रार्थना वेगळी असते. मी हात नाही जोडणार. तुम्हाला चालेल ना?"

"हात नको जोडू," धोंडूबाई म्हणाली. "तांदूल वाट."

सुकन्याबाईंनी तांदूळ वाटले. धोंडूबाईच्या गाण्याचा आवाज बाहेर मांडवापर्यंत येत होता. आढाव ब्लँकेटवर बसून तो ऐकत होते. कुणी त्यांना उठायला सांगितलं नाही, आणि त्यांनाही उठावंसं वाटलं नाही. पिवळ्या पोपड्यांचे तुकडे भूपेशने रस्त्यापासून मांडवापर्यंत दोन्ही बाजूंनी मांडून ठेवले होते, वऱ्हाडाला वाट कळावी म्हणून. उन्हात ते चमकत होते. पट्टा अगदी सरळ नव्हता, पण आढावांनी तो नीट केला नाही.

दुपारी लग्न लागलं. सगळं आटोपल्यावर आढावांनी भीत भीत धोंडूबाईला विचारलं, भिंतीचा एक फोटो काढू का? "देवीचा न्हाय काढाचा," ती म्हणाली. "हा कोपरा काढ." आणि तिने खाली, चौकाच्या बाहेर, डाव्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. चौकाभोवती बायका नेहमीच झाडं, माणसं, नाचणारे, पाणी भरणाऱ्या बाया काढतात. त्या गर्दीपासून जरा बाजूला दोन त्रिकोणांचा एक बोटभर माणूस होता. त्याच्या डोळ्यांवर दोन गोल होते. आणि पसरलेल्या दोन हातांत त्याने एक लांब पट्टी ताणून धरली होती.

पुढच्या रविवारी मंडळीत अहवाल झाले. एका जोडप्याने रंगवलेली शाळा दाखवली, एका जोडप्याने बांधलेला ओटा. मग पडद्यावर आढावांचे दोन फोटो आले. आधीचा फोटो: तांबडी मातीची भिंत. नंतरचा फोटो: तांबडी मातीची भिंत.

रविवारच्या शाळेच्या आनंदीबाई चष्मा सावरत उठल्या. पन्नास वर्षं पोरांच्या वह्या तपासलेल्या बाई. "आढाव, चुकून एकच फोटो दोनदा टाकलात का?"

आढाव उभे राहिले. तीन दिवस घोकलेलं भाषण खिशात होतं, त्या शिक्क्याच्या कागदाशेजारीच. ते त्यांनी काढलं नाही. "नाही," ते म्हणाले. "तीच भिंत आहे. मधे मी ती बिघडवली. मग त्यांनी आमच्याकडून परत करून घेतली." आणि त्यांनी सगळं सांगितलं, चमकीपासून चष्म्यापर्यंत. "बावळट आहे, वाईट नाही" हेसुद्धा सांगितलं. मग मागच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसलं, आणि थोड्या वेळाने पाळकसाहेब डोळे पुसत होते. आढावांना नवल वाटलं ते याचं की सगळे हसत होते आणि तरी त्यांना अपमान वाटत नव्हता.

"पण मग फरक काय झाला?" आनंदीबाईंनी विचारलं. फॉर्मवर तो रकाना होता.

"खाली कोपऱ्यात बघा, बाई," आढाव म्हणाले. "दुसऱ्या फोटोत मी आहे."

महिन्याभराने लडकू गोदामात कामावर आला. खोकी उतरवून झाल्यावर तो नेहमीप्रमाणे पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे उभा राहिला. जागृती बरी आहे, जावई बरा आहे, सगळं सांगून झालं.

"भिंत कशी आहे?" आढावांनी विचारलं.

"भिंत सारवली साहेब. लगीन झाला, चौक गेला." आढावांनी मान हलवली. तसंच असणार, मातीवरचं किती दिवस राहणार? "पर गुनाबाईनं तुमाला न्हाय पुसला. दर खेपंला तेवढा कोपरा सोडून सारवते."

आढाव उगाचच हातातल्या यादीकडे बघत राहिले. अक्षरं काही दिसत नव्हती.

"फुडल्या वैशाखात धाकटीचं लगीन हाय," लडकू म्हणाला. "तवा भिंत कोरी पायजे. तुमाला पुसाया लागंल."

"पुसा की. मी येतो सारवायला."

"सारवाला मानसं हायेत साहेब. तुमी पाव्हनं म्हनून या."

बारा वर्षांची सवय. ओठांवर तो 'बघू' आलाही होता. आढावांनी तो गिळला.

"येतो," ते म्हणाले.

लडकू दोन पावलं गेला आणि परत वळला. जरा घुटमळला. साहेबाला असं विचारावं की नाही, असा त्याचा चेहरा होता.

"रंग?"

"नाही आणत," आढाव म्हणाले.